चढ, उतार आणि मधलें शून्य

नांदेड जिल्ह्यांत मुदखेड नांवाचें गांव आहे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील जंक्शन म्हणून तें आपणांपैकीं अनेकांच्या परिचयाचें असेल. अदिलाबादकडे जाणारा फांटा येथूनच फुटतो. हें गांव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १९ अंश ९ कलांवर आहे, आणि आजच्या विषयापुरती आपणांस एवढीच माहिती पुरे आहे. मुदखेडच्या एखाद्या मोकळ्या अंगणांत एक मीटर उंचीची काठी सरळ उभी रोवून दररोज माध्यान्हीं तिची सावली मोजली तर काय आढळेल? डिसेंबरच्या २१-२२ तारखेस ती उत्तरेकडे सुमारें ९२ सेंटिमीटर पडेल. तेथून ती आखडत जाईल आणि मे महिन्याच्या मध्याला एके दिवशीं नाहींशीच होईल, कारण त्या दिवशीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो. नंतर ती उलट अंगास, म्हणजे दक्षिणेकडे, पडूं लागेल. २१ जूनच्या सुमारास ही दक्षिणेकडील सावली साडेसात सेंटिमीटरांपर्यंत वाढते आणि तेथून पुन्हां आखडत जुलैच्या अखेरच्या आठवड्यांत दुसऱ्यांदा नाहींशी होते. अर्थात् त्या दिवसांत ढगांनीं सूर्य दिसूं दिला तर!

आतां असें समजा कीं, सूर्याचें उत्तरेकडे सरकणें नेमकें कोणत्या दिवशीं थांबलें हें आपणांस या सावलीवरून ठरवावयाचें आहे. १९ जूनची सावली आणि २३ जूनची सावली शेजारीं शेजारीं मांडली तर दोरीनें मोजणाऱ्याला त्यांत कांहींच फरक दिसणार नाहीं. मार्च महिन्यांत विषुवदिनाच्या सुमारास सूर्याची क्रांति रोज सुमारें २४ कलांनीं बदलत असते. मेच्या मध्याला ती रोज १४ कलांच्या आसपास बदलते. २१ जूनच्या आगेंमागें हा रोजचा फरक एका कलेहूनहि कमी उरतो आणि मग उलट दिशेनें वाढूं लागतो. म्हणजे जेथें वाढ शिखरास पोंचते, तेथें ती वाढणारी वस्तु आपल्याला सर्वांत कमी सांगते. शिखराजवळ ती जवळजवळ निश्चल असते. अगदीं कोणत्या बिंदूवर वळली तें तिच्याकडे कितीहि टक लावून पाहिलें तरी कळत नाहीं. कळतें तें तिच्या रोजच्या फरकावरून. हा फरक धन आहे तोंवर वस्तु वाढत आहे, ऋण झाला कीं घटूं लागली. आणि धनाचें ऋण होतांना मध्यें जें शून्य लागतें, तेथें तिचें शिखर आहे.

गणिताच्या आजच्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट फलन आणि त्याचा विकलज या शब्दांनीं सांगतात. एखादी राशि दुसऱ्या राशीवर अवलंबून बदलत असेल तर ती पहिली राशि दुसरीचें फलन होय. आणि एखाद्या क्षणीं ती ज्या वेगानें बदलत असते तो वेग म्हणजे विकलज. विकलज धन तेथें फलन वाढतें, ऋण तेथें घटतें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बाळशास्त्री जांभेकरांनीं हा विषय मराठींत आणला तेव्हां त्यांनीं त्यास 'शून्यलब्धि' असें नांव दिलें होतें. फरक अगदीं शून्यवत् होत जातांना जी लब्धि हातीं येते, तें हें गणित. नांव मोठें अर्थपूर्ण होतें, तें टिकलें नाहीं याचें मला थोडें वाईट वाटतें. येथें एक सावधगिरीची सूचना मात्र देऊन ठेवतों. विकलज शून्य झाला म्हणजे शिखर आलेंच, असें नाहीं. घाट चढतांना मध्यें क्षणभर सपाटी लागावी आणि पुन्हां चढच सुरू व्हावा, असेंहि होतें. शून्याच्या अलीकडे काय आहे आणि पलीकडे काय आहे, हें पाहिल्यावांचून निर्णय देतां येत नाहीं.

हा विचार आपल्याकडे केव्हां झाला, आणि कोणत्या गरजेपोटीं झाला, हा आजचा खरा विषय. त्यासाठीं आपणांस आठ-नऊ शतकें मागें जावें लागेल.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधला. सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जलवीड हें आपलें गांव, महेश्वर हे आपले पिते व गुरु, असें त्यांनीं स्वतःच सांगून ठेवलें आहे. विज्जलवीड म्हणजे आजचें कोणतें गांव, यावर विद्वानांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. त्या वादांत आज शिरत नाहीं. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथील शिलालेखाचा मात्र उल्लेख केला पाहिजे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं हा लेख शोधून काढला आणि १८६५ मध्यें तो विद्वानांपुढें आला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून त्यांनीं पाटण येथें मठ स्थापिला आणि १२०७ सालीं त्यास दान मिळालें, असें तो लेख सांगतो. लेखाचा कांहीं भाग त्या काळच्या मराठींत आहे. एका गणितज्ञाचीं पुस्तकें शिकविण्यासाठीं मठ काढावा, आणि त्याच्या खर्चाची तजवीज दगडावर कोरून ठेवावी, असा प्रसंग आपल्या इतिहासांत वारंवार येत नाहीं.

वयाच्या ३६ व्या वर्षीं, शके १०७२ म्हणजे ११५० मध्यें, आचार्यांनीं 'सिद्धान्तशिरोमणि' पूर्ण केला. लीलावती आणि बीजगणित घरोघरीं ठाऊक असतात. परंतु आपल्या विषयाचें मर्म आहे तें ग्रहगणित आणि गोलाध्याय या भागांत, आणि त्यांवर त्यांनीं स्वतःच लिहिलेल्या 'वासना' नामक भाष्यांत.

मूळ गरज होती ती पंचांगाची. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढें गेला म्हणजे एक तिथि संपते. चंद्राची मध्यम गति, म्हणजे सरासरीची चाल, दिवसाला ७९० कला ३५ विकला. पण खरा चंद्र या सरासरीनें चालतो कोठें? कधीं तो दिवसाला जेमतेम १२ अंश चालतो, तर कधीं १५ अंशांपर्यंत धांवतो; आणि ही चाल तिथीच्या आरंभीं एक व अखेरीस दुसरी अशी सतत पालटत असते. आज सूर्योदयाचा चंद्र आणि उद्यां सूर्योदयाचा चंद्र यांची वजाबाकी करून जी गति येते तिला आचार्य स्थूल म्हणतात. सूर्यासारख्या मंद ग्रहाला तेवढ्यानें भागतें; चंद्राला भागत नाहीं. तिथीचा अंत जवळ आला असेल तर त्या वेळेचीच गति घेतली पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. या गतीला त्यांनीं नांव दिलें 'तात्कालिकी'. तत्कालाची, म्हणजे त्या क्षणाची गति. आपण ज्याला आज विकलज म्हणतों तो हाच. सगळ्या दिवसाची चाल आणि या घटकेची चाल या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत, हें ज्यानें ओळखलें त्यानें अर्धा पल्ला गांठला.

ही तात्कालिक गति काढावयाची कशी? त्यासाठीं भुजज्येची वाढ कळली पाहिजे. आर्यभटापासून चालत आलेलें ज्यांचें कोष्टक ३४३८ कलांच्या त्रिज्येवर आणि २२५ कलांच्या चोवीस खंडांवर रचलेलें असतें. त्यांत पहिल्या खंडांत ज्या २२५ नीं वाढते आणि चोविसाव्या खंडांत अवघ्या ७ नीं. कोन सारख्याच पावलांनीं पुढें जात आहे. पण ज्येची वाढ मात्र मंदावत मंदावत ९० अंशांपाशीं संपते. ही वाढ कोणत्या हिशेबानें मंदावते? तर त्या ठिकाणच्या कोटिज्येच्या. कोटिज्येला कोनाच्या अल्प वाढीनें गुणावें आणि त्रिज्येनें भागावें, म्हणजे भुजज्येची वाढ येते. आरंभीं कोटिज्या त्रिज्येएवढी असते, म्हणून वाढ पूर्ण. ९० अंशांवर कोटिज्या शून्य, म्हणून वाढ शून्य. पुढें कोटिज्या उलट दिशेची, म्हणून ज्या घटूं लागते. वाढ, शिखर आणि घट या तिन्ही गोष्टी एका कोटिज्येंत सामावल्या आहेत. न्यायानें सांगावयास हवें कीं, हा नियम वापरणारे भास्कराचार्य पहिले नव्हत. त्यांच्या आधीं दोनशें वर्षांवर मुंजाल यांनीं 'लघुमानस' या करणग्रंथांत गतीची दुरुस्ती कोटिज्येवरूनच सांगितली आहे. परंतु या नियमाच्या पोटांत काय दडलें आहे, हें जितक्या स्वच्छपणें भास्कराचार्यांनीं पाहिलें तितक्या स्वच्छपणें त्यांच्या पूर्वसूरींपैकीं कोणीं मांडलेलें मला दिसत नाहीं. याचा पुरावा म्हणून मी लल्लाचार्यांचें प्रकरण सांगतों.

त्यासाठीं एक चित्र डोळ्यांपुढें आणावें. पृथ्वीला केंद्र मानून एक वर्तुळ काढा; तें कक्षावृत्त. तेवढ्याच आकाराचें दुसरें वर्तुळ काढा, पण त्याचा मध्यबिंदु पृथ्वीपासून किंचित् वर, ग्रहाच्या उच्चाकडे, सरकविलेला असूं द्या, तें प्रतिवृत्त. ग्रह प्रतिवृत्तावर एकसारख्या गतीनें फिरतो. पण आपण तो पाहतों पृथ्वीवरून, म्हणून उच्चापाशीं तो मंद व उच्चाच्या समोर शीघ्र चालतांना दिसतो. सरासरीनें चालणारा मध्यम ग्रह आणि प्रत्यक्ष दिसणारा स्पष्ट ग्रह यांच्यामधील अंतराला मंदफल म्हणतात. चंद्राचें हें फल वाढून वाढून सुमारें ५ अंशांपर्यंत जातें आणि मग घटूं लागतें. फलाच्या या वाढ-घटीचा जो वेग त्याचें नांव गतिफल. मध्यम गतींत गतिफल मिळविलें वा वजा केलें कीं स्पष्ट गति आली.

आतां प्रश्न असा: स्पष्ट गति मध्यम गतीइतकीच केव्हां होते? आठव्या शतकांतील थोर ज्योतिषी लल्ल यांनीं उत्तर दिलें होतें कीं, कक्षावृत्त आणि प्रतिवृत्त जेथें एकमेकांस छेदतात तेथें. उत्तर सकृद्दर्शनीं पटण्याजोगें आहे. कारण त्या बिंदूवर ग्रह पृथ्वीपासून बरोबर मध्यम अंतरावर, म्हणजे त्रिज्येएवढ्या अंतरावर असतो. अंतर मध्यम, म्हणून गतिहि मध्यम, असें कोणालाहि वाटावें. भास्कराचार्य म्हणतात, हें खरें नव्हे. पृथ्वीच्या मध्यांतून उच्चरेषेला काटकोनांत रेषा काढा. ती प्रतिवृत्ताला जेथें मिळते तेथेंच मध्यम गति हीच स्पष्ट गति होते. आणि याचें त्यांनीं दिलेलें कारण मोलाचें आहे. ग्रहाचें फल त्या ठिकाणीं परम होतें. आणि जेथें फल परम असतें तेथें गतिफलाचा अभाव असलाच पाहिजे.

हें शेवटचें वाक्य कोष्टक पाहून सुचलेलें नाहीं, हें लक्षांत घ्यावें. तें तर्कानें आलें आहे. शेजारच्या दोन रुळांवरून दोन गाड्या एकाच दिशेनें धांवत आहेत असें समजा. पुढची गाडी अधिक वेगानें जाते तोंपर्यंत त्यांच्यांतील अंतर वाढत राहतें; मागची अधिक वेगवान् झाली कीं अंतर तुटूं लागतें. म्हणून अंतर अधिकांत अधिक असेल त्या क्षणीं दोघींचा वेग सारखाच असला पाहिजे. त्याला दुसरी वाटच नाहीं. मध्यम ग्रह व स्पष्ट ग्रह या त्या दोन गाड्या, आणि मंदफल हें त्यांच्यांतलें अंतर. लल्लांचा बिंदु आणि भास्करांचा बिंदु यांत चंद्राच्या बाबतींत कितीसा फरक पडतो, हें मीं गणित करून पाहिलें. सुमारें अडीच अंश. चंद्राला तेवढें चालावयास साडेचार तास लागतात. लल्लांच्या बिंदूवर गतीची चूक म्हणाल तर दिवसाला ७९० कलांत तीनेक कलांची. पंचांग करणाऱ्याला ती जाणवलीहि नसती. लल्लांच्या 'शिष्यधीवृद्धिद' या ग्रंथावर भास्कराचार्यांनीं स्वतः टीका लिहिली होती, म्हणजे त्या आचार्यांविषयीं त्यांना अनादर नव्हता. व्यवहारांत ज्या चुकीनें कांहीं बिघडत नाहीं अशी चूक त्यांनीं केवळ तत्त्वासाठीं उघडी केली, आणि ती ज्या तत्त्वासाठीं उघडी केली तें तत्त्व आपल्या आजच्या विषयाचा गाभा आहे.

आतां वक्री ग्रहांकडे वळूं. पंचांगांत मंगळ वक्री, शनि मार्गी अशा नोंदी आपण नेहमीं वाचतों आणि बहुधा त्यांवरून कोणाच्या पत्रिकेंत काय होणार याची चिंता करतों. गणिताच्या भाषेंत या शब्दांचा अर्थ अगदीं साधा आहे. ग्रहाचा भोग, म्हणजे राशिचक्रावरील त्याचें स्थान, हें काळाचें फलन. भोग वाढत आहे तोंवर ग्रह मार्गी. घटूं लागला कीं वक्री. आणि मधल्या शून्यापाशीं तो नक्षत्रांत खिळल्यासारखा दिसतो, तो स्तंभी. वाढत्या व घटत्या फलनाचें इतकें बोलकें उदाहरण निसर्गांत दुसरें क्वचितच सांपडेल.

भास्कराचार्यांनीं यासाठीं दिलेली रीत अशी. ग्रहाच्या शीघ्रकेंद्राची रोजची गति घ्यावी. तिला शीघ्रफलाच्या कोटिज्येनें गुणावें आणि शीघ्रकर्णानें, म्हणजे ग्रहाच्या पृथ्वीपासूनच्या अंतरानें, भागावें. जें येईल तें शीघ्रोच्चाच्या गतींतून वजा करावें. बाकी राहील ती ग्रहाची स्पष्ट गति. आणि वजाबाकी उलट करावी लागली, म्हणजे वजा करावयाची संख्याच मोठी निघाली, तर ग्रह वक्री समजावा. ऋण विकलज म्हणजे घट, हा नियम याहून निराळा तो काय?

मंगळाचें उदाहरण घेऊं. त्याचें शीघ्रोच्च, म्हणजे मध्यम सूर्य, दिवसाला ५९ कला ८ विकला चालतें. मंगळाची मध्यम गति ३१ कला २६ विकला. म्हणून शीघ्रकेंद्राची गति २७ कला ४२ विकला. केंद्र शून्य असतांना मंगळ पृथ्वीपासून सर्वांत दूर असतो. तेव्हां वरील रीतीनें त्याची गति सुमारें ४२ कला निघते, म्हणजे तो भरधांव पुढें जात असतो. केंद्र १६२ अंश झालें असतां ही गति अवघी सव्वा कला उरते. १६३ अंशांवर ती अर्ध्या कलेहून थोडी अधिक, पण मागें. शून्य यांच्या दरम्यान कोठें तरी पडलें. भास्कराचार्यांनीं मंगळाच्या वक्रत्वाचा आरंभ १६३ अंशांवरच सांगितला आहे. बुधाचा १४५, गुरूचा १२५, शुक्राचा १६५ आणि शनीचा ११३ अंशांवर. आणि हे अंश ३६० तून वजा केले असतां जे येतात त्यांवर ग्रह पुन्हां मार्गी होतो.

या आकड्यांची परीक्षा आज कोणालाहि करतां येण्यासारखी आहे. मंगळ १६३ पासून १९७ अंशांपर्यंत, म्हणजे ३४ अंश, वक्री राहतो. दिवसाला २७ कला ४२ विकला या गतीनें त्यास सुमारें ७४ दिवस लागतात. अलीकडे मंगळ २०२४ च्या ७ डिसेंबरच्या सुमारास वक्री झाला आणि २०२५ च्या २४ फेब्रुवारीस मार्गी झाला; हे ७९ दिवस होतात. मंगळाच्या कक्षेचें लंबवर्तुळत्व मोठें असल्यामुळें त्याचें वक्रत्व कधीं ६० दिवसांच्या आंत उरकतें, तर कधीं ८० दिवसांच्या पलीकडे जातें, हें ध्यानांत घेतां ७४ ही सरासरी उत्तमच म्हटली पाहिजे. त्याच रीतीनें शनीचे सुमारें १४१ दिवस निघतात. प्रत्यक्षांत १३८ च्या आसपास असतात. गुरूचे १२२ निघतात. प्रत्यक्षांत १२१ च्या सुमारास. बुधाचे साडेबावीस, तेहि प्रत्यक्षाशीं जुळतात. शुक्र तेवढा फसवतो: हिशेबानें सुमारें ४९ दिवस येतात आणि प्रत्यक्षांत तो ४२ दिवसांच्या आसपास वक्री राहतो. दुर्बिणीवांचून, लंबवर्तुळाच्या कल्पनेवांचून, पृथ्वी स्थिर मानून केलेलें हें गणित आहे.

पुढें या विद्येचें काय झालें? आपल्या मराठवाड्यानें ती जतन केली, असें म्हणावयास बळकट आधार आहे. मुदखेडच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या खोऱ्यांतच, पार्थपूर नांवाचें विद्येचें गांव होतें. परभणी जिल्ह्यांतलें पाथरी तें हेंच, असें अभ्यासक मानतात. तेथील ज्ञानराज यांनीं १५०३ च्या सुमारास 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रंथ रचला, आणि त्यांचे पुत्र सूर्यदास यांनीं भास्कराचार्यांच्या बीजगणितावर व लीलावतीवर टीका लिहिल्या. गोदेच्याच उत्तर तीरावरील गोलग्रामचें ज्योतिष्यांचें घराणें पुढें काशीस गेलें. त्यांतील नृसिंह दैवज्ञ यांनीं १६२१ मध्यें भास्कराचार्यांच्या वासनाभाष्यावर 'वासनावार्तिक' लिहिलें. ही माणसें टीकाकार होतीं, नवें तत्त्व काढणारीं नव्हत. पण शतकानुशतकें ग्रंथ जिवंत राहिला तो अशाच माणसांच्या हातून. सुदूर दक्षिणेस केरळांत मात्र याच सुमारास नव्या वाटेनें फार मोठें काम चाललें होतें. तें स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

युरोपांत हा विचार सतराव्या शतकांत निराळ्या दिशेनें आला. तेथें प्रश्न ग्रहांचा नव्हता, वक्ररेषांचा होता. फर्मा यांनीं महत्तम व लघुतम काढण्याची रीत शोधली. लायब्निट्स यांचा १६८४ मधील पहिला प्रसिद्ध निबंध महत्तम-लघुतमांच्या नव्या रीतीविषयींच आहे, आणि त्यांत फरक धन असतां वाढ, ऋण असतां घट व शून्य असतां शिखर अथवा तळ, हें स्पष्ट सांगितलें आहे. न्यूटन यांनींहि ही विद्या स्वतंत्रपणें हस्तगत केली होती. यांच्या पद्धतीचें सामर्थ्य असें कीं, ती कोणत्याहि फलनाला लागू पडते. तथापि विकलज सर्वत्र धन असेल तर फलन वाढलेंच पाहिजे, याची आजच्या कसोटीस उतरणारी उपपत्ति कोशी यांच्या १८२३ च्या व्याख्यानांपासून घडूं लागली. युरोपीय गणितज्ञांसहि पायाभरणीस सुमारें १४० वर्षें लागलीं, हें विसरूं नये.

आतां या कथेंत एक मराठी पंडित येतात. बापूदेव शास्त्री यांचा जन्म १८२१ चा, घराणें परांजपे. नागपुरांत त्यांचें शिक्षण झालें. तेथें त्यांची बुद्धि पाहून सिहोरचे इंग्रज अधिकारी विल्किन्सन यांनीं त्यांना आपल्याकडे नेलें, आणि १८४२ पासून ते काशीच्या संस्कृत महाविद्यालयांत गणित-ज्योतिष शिकवूं लागले. गोलग्रामच्या दैवज्ञांनीं धरलेली वाट दोन-सव्वादोन शतकांनंतर पुन्हां एका महाराष्ट्रीयानें धरली. विल्किन्सन यांनीं गोलाध्यायाचें इंग्रजी भाषांतर केलें होतें. बापूदेवांनीं तें शोधून सुधारून १८६१ मध्यें प्रसिद्धीस आणलें. त्यापूर्वीं १८५८ मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांनीं एक लहानसें टिपण लिहिलें. त्याचा आशय असा कीं, भास्कराचार्यांस चलनकलनाचें तत्त्व पूर्णपणें अवगत होतें. तात्कालिकी गति हा त्याचा पुरावा.

हें म्हणणें लंडनपर्यंत पोंचलें. स्पॉटिसवुड नांवाचे गणितज्ञ, जे पुढें रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले, त्यांनीं १८६० मध्यें त्यास उत्तर दिलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: पंडितजींनीं दावा जरा फुगविला आहे, काळाचा अंश अत्यंत सूक्ष्म घ्यावयाचा ही कल्पना, जी या गणिताचा प्राण, ती भास्करांनीं उघडपणें मांडलेली नाहीं, आणि त्यांची रीत सर्वसामान्य नाहीं. पण त्याच लेखांत त्यांनीं हेंहि मोकळ्या मनानें मान्य केलें कीं, भास्करांची सूक्ष्म दृष्टि विलक्षण आहे, त्यांची रीत आधुनिक रीतीशीं नुसती वरवर सारखी नसून तिच्याशीं तिचें जवळचें नातें आहे, आणि इतक्या जुन्या काळीं ती असावी याचें शास्त्रज्ञांना नवल वाटेल.

या वादाला आतां दीडशें वर्षें उलटून गेलीं. अजूनहि आपल्याकडे कोणी सभेंत उठून न्यूटनाच्या पांचशें वर्षें आधीं सर्व कांहीं येथें होतें असें सांगतो, आणि कोणी तितक्याच आवेशानें कांहींच नव्हतें असें म्हणतो. दोघांनींहि मूळ ग्रंथ उघडलेला नसतो, असा माझा अनुभव आहे. स्पॉटिसवुड यांचा मुख्य आक्षेप मला बरोबर वाटतो. भास्कराचार्यांची रीत ज्या आणि कोटिज्या यांच्याशीं बांधलेली आहे; कोणतेंहि फलन द्या, मी त्याची वाढ-घट सांगतों, असें ते म्हणत नाहींत, आणि तसें म्हणण्याची त्यांच्या कामाला गरजहि नव्हती. कोशींच्या उपपत्तीसारखें कांहीं त्यांच्यापाशीं शोधणें तर व्यर्थच. परंतु बापूदेवांच्या बाजूनें लल्लांचें प्रकरण तराजूंत टाकलें पाहिजे. केवळ सोयीचें सूत्र हातीं आलेला ज्योतिषी तीन कलांच्या चुकीसाठीं पूर्वाचार्याशीं वाद घालीत नाहीं, आणि घातलाच तर वेधाचा अथवा कोष्टकाचा दाखला देतो. येथें दाखला दिला आहे तो तत्त्वाचा, आणि तोहि 'असलेंच पाहिजे' अशा निश्चयाच्या शब्दांत. ग्रहगणिताच्या चार भिंतींच्या आंत कां होईना, फल परम तेथें गतिफल शून्य हा नियम त्यांनीं नियम म्हणून ओळखला होता आणि चुकीचें उत्तर पारखण्यासाठीं वापरला होता. बापूदेवांनीं 'पूर्णपणें' हा एक शब्द गाळला असता, तर त्यांच्या टिपणाला उत्तर देणें स्पॉटिसवुड यांनाहि जड गेलें असतें.